सातवी विभक्ती आणि अडवलेलं बायबल

क्रोएशियन भाषेचं पहिलं छापील व्याकरण १६०४ साली रोममध्ये निघालं. ते लिहिणारा बार्तोल काशिच तेव्हा तिशीतही पोचला नव्हता. पुढे तो जेझुइट धर्मगुरू झाला. व्यापाऱ्याच्या वेशात तो तुर्की मुलखात हिंडला, त्यानं सगळं बायबल लोकभाषेत आणलं आणि ते छापलं जाणार नाही हेही त्याला जिवंतपणी ऐकावं लागलं. या माणसाला भाषेचा शिल्पकार म्हणायचं की धर्मसत्तेचा कारकून, यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोलता येतं. इथे त्या बाजू दोघांच्या तोंडी दिल्या आहेत. सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांची हयात बोलींच्या अभ्यासात गेली आणि ‘प्रमाणभाषा’ हा शब्द ऐकला की ते अजून खुर्चीत सरसावून बसतात. अनघा त्यांची जुनी विद्यार्थिनी, व्याकरणांच्या इतिहासावर काम करणारी. दोघं काल्पनिक आहेत, काशिच मात्र खरा.

सर : तुझ्या टिपणात पहिल्याच ओळीत त्याला क्रोएशियन भाषेचा पाणिनी करून टाकलंस. आपण दादोबा पांडुरंगांना मराठीचा पाणिनी म्हणून बसलो, तेव्हापासून मला या पदव्यांची धास्तीच आहे. आधी एवढं सांग, हे व्याकरण मागितलं कुणी?

अनघा : जेझुइट संघाचा प्रमुख क्लाउदियो अक्वाव्हिवा यानं. १५९९ मध्ये रोमच्या जेझुइट महाविद्यालयात इलिरियन भाषेच्या शिक्षणाची सोय झाली. दक्षिणेकडच्या स्लाव्ह लोकांच्या भाषेला लॅटिन लिहिणारे तेव्हा इलिरियन म्हणत. तिथे तयार होणाऱ्या मिशनऱ्यांना पाठ्यपुस्तक हवं होतं आणि काशिच तिथेच शिकत होता.

सर : म्हणजे भाषा बोलणाऱ्यांपैकी कुणी मागितलं नव्हतं. पुस्तक लॅटिनमध्ये, वाचणारे परके, हेतू धर्मप्रसाराचा. पागच्या मिठागरात राबणाऱ्या माणसाला त्यातलं एक पान वाचता आलं नसतं. ज्याची भाषा, त्यालाच पुस्तक बंद!

अनघा : पण लिहिणारा त्याच पाग बेटावरचा होता, हे कसं विसरता? १५ ऑगस्ट १५७५ चा जन्म. बेटावर तेव्हा व्हेनिसचं राज्य होतं. वडील लहानपणीच गेले. नात्यातल्या लुका बोग्दान्चिच नावाच्या धर्मगुरूनं त्याला वाढवलं, इटालियन आणि लॅटिन शिकवलं. १५९० नंतर तो समुद्र ओलांडून इटलीत लोरेतोच्या इलिरियन विद्यालयात गेला, १५९३ मध्ये रोमला आणि १५९५ मध्ये जेझुइट संघात. विद्यार्थी असतानाच त्यानं क्रोएशियन-इटालियन शब्दकोश हातानं लिहून काढला होता. ते हस्तलिखित दुब्रोव्निकमध्ये पडून राहिलं आणि छापलं गेलं थेट १९९० मध्ये. परका माणूस भाषा शिकून व्याकरण लिहितो, त्यातली ही गोष्ट नाही. हा घरचा माणूस आहे.

सर : घरचा माणूस नोकरीला लागला की मालकाचं ऐकतो. आपल्या गोव्याचंच बघ ना. थॉमस स्टीफन्स रोममध्ये जेझुइट संघात शिरला १५७५ साली, म्हणजे तुझा काशिच जन्मला त्याच वर्षी. १५७९ मध्ये गोव्यात उतरला, मराठी-कोकणी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्याचं कोकणीचं व्याकरणही तिथेच छापलं, त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये. सुंदर काम, मी नाकारत नाही. क्रिस्तपुराणातली मराठी मी वर्गात प्रेमानं शिकवली आहे. पण १६८४ मध्ये त्याच गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयनं कोकणी बंद करण्याचा हुकूम काढलाच की! सत्तेला भाषा हवी असते ती कामापुरती. काम झालं की तिच्यावर बंदी.

अनघा : तो हुकूम काढणारे वेगळे आणि व्याकरण लिहिणारे वेगळे. स्टीफन्सला जाऊन तेव्हा पासष्ट वर्षं झाली होती.

सर : संस्था बदलते, हातातली चावी तीच राहते. आणखी एक सांगतो. १७७८ मध्ये रोममध्ये मराठीचं एक व्याकरण छापलं गेलं, पोर्तुगीज भाषेतून, मिशनऱ्यांसाठी. निजामशाही आणि आदिलशाहीच्या मुलखांत चालणारी मराठी, असं शीर्षकातच म्हटलं आहे. केरीचं व्याकरण १८०५ चं, दादोबांचं १८३६ चं. म्हणजे मराठीचं सगळ्यात आधीचं छापील व्याकरण रोमचं. आणि छापखाना कुणाचा? धर्मप्रसारासाठी नेमलेल्या प्रोपागांडा फिदे या पोपच्या खात्याचा. काशिचचं बायबल अडवणारं खातं तेच ना?

अनघा : तेच. १६२२ मध्ये स्थापन झालेलं. पण बायबलकडे नंतर येऊ. तुम्ही हेतूवर अडून बसलात, मला त्या पुस्तकात काय घडलं आहे ते दाखवू द्या. जेमतेम दोनशे पानं, दोन भाग. लॅटिन व्याकरणाचा साचा त्याला लहानपणापासून पाठ. त्या साच्यात नामाच्या विभक्त्या सहा. आता क्रोएशियनमध्ये ‘सुरीने कापलं’ म्हणायचं तर सुरीच्या शब्दाला वेगळा प्रत्यय लागतो, ‘नोझेम’. आपली तृतीयाच म्हणा. लॅटिनमध्ये ‘सुरीने’ आणि ‘सुरीपासून’ ही दोन्ही कामं पंचमीसारख्या एकाच खान्यात कोंबलेली असतात. आज्ञाधारक कारकून असता तर त्यानं आपल्या भाषेतला हा प्रत्ययही त्याच खान्यात ढकलला असता आणि वर्गात सगळं सोपं झालं असतं. काशिचनं तसं केलं नाही. त्यानं आणखी एक खाना काढला. लॅटिनमध्ये त्याला नाव नव्हतं, म्हणून नुसतं ‘सातवी’ म्हटलं.

सर : सातवी! आपल्याकडे पाणिनीपासून सात, संबोधन धरलं तर आठ. तुझ्या युरोपला उशिरा जाग आली.

अनघा : जाग आली हे महत्त्वाचं. ज्या साच्याला सगळं पंडितविश्व प्रमाण मानत होतं, तो साचा आपल्या बेटावरच्या बोलण्यापुढे अपुरा पडतो, हे एका अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या मुलानं छापून सांगितलं. धर्मप्रसाराच्या हेतूला सातव्या विभक्तीची काही गरज नव्हती. ती कानानं आणली.

सर : बरं, कान होता. पण बेटाचा कान मुलखाचा कसा होईल? माझ्या माहितीप्रमाणे क्रोएशियात बोलींची तीन कुळं. ‘काय’ या अर्थी एक ‘चा’ म्हणते, एक ‘श्टो’, एक ‘काय’. त्यावरूनच त्यांना चाकावी, श्टोकावी, काइकावी म्हणतात. पाग चाकावी. आणि १६०४ च्या व्याकरणात मुळात श्टोकावी रूपं, त्यात चाकावी मिसळलेली, जुनी-नवी शेजारी शेजारी. तशी भाषा कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. पुस्तकी खिचडी झाली.

अनघा : मान्य. तेव्हा तो रोममध्ये बसून लिहीत होता. मुलूख त्यानं पाहिलाच नव्हता. पाहिला तो नंतर, आणि तिथून पुढे त्याच्या आयुष्याला खरी गती येते. १६०६ मध्ये त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, १६०९ मध्ये तो दुब्रोव्निकला गेला. ते छोटं प्रजासत्ताक सुलतानाला खंडणी देऊन स्वतःचा व्यापार राखून होतं. त्याच्या व्यापाऱ्यांच्या वसाहती तुर्की मुलखातल्या शहरांत पसरलेल्या. १६१२ मध्ये काशिच व्यापाऱ्याचे कपडे चढवून त्या वाटेनं निघाला. बॉस्निया, बेलग्रेड, ओसियेक, वाल्पोवो, वुकोवार. परत येऊन पोपला अहवाल दिला. १६१८ मध्ये पुन्हा गेला.

सर : हेरगिरी म्हण ना सरळ. वेश पालटून जायचं, पाहून यायचं आणि वर कळवायचं.

अनघा : त्या मुलखात विखुरलेले कॅथलिक होते, त्यांना पुरेसे पाद्री नव्हते. बाप्तिस्मे, लग्नं, कबुलीजबाब यांसाठी तो गेला.

सर : आणि अहवाल?

अनघा : आणि अहवालही. लपवत नाही मी. पण त्या प्रवासात एक गंमत आहे. बेलग्रेडमध्ये दुब्रोव्निकचे व्यापारी आणि बॉस्नियाचे व्यापारी, दोघेही कॅथलिक, दोघांची बोली एकमेकांना कळणारी, आणि तरी प्रार्थनाघर कुणाचं यावरून त्यांचं हाडवैर! धर्म एक असला म्हणजे माणसं एक होतात, भाषा एक असली म्हणजे माणसं एक होतात, हे दोन्ही भ्रम काशिचच्या डोळ्यांदेखत फुटले असतील.

सर : असतील म्हणतेस. त्यानं तसं लिहिलंय?

अनघा : लिहिलेलं नाही, तेवढा माझा तर्क. त्यानं म्हातारपणी लॅटिनमध्ये आत्मचरित्र लिहायला घेतलं, त्यात या प्रवासांची हकिकत आहे. ते पुरं झालं नाही. पण दोन प्रवासांच्या मधली चार वर्षं बघा. १६१४ ते १६१८ तो लोरेतोला होता. ते मोठं तीर्थक्षेत्र. समुद्रापलीकडून क्रोएशियन यात्रेकरू यायचे आणि त्यांचे कबुलीजबाब ऐकणं हे त्याचं काम. सर, तुम्ही बोलींची सर्वेक्षणं केलीत. माणूस मोकळेपणी बोलेल अशी जागा शोधण्यात तुमचा किती वेळ गेला! या माणसासमोर जाळीपलीकडे दालमेशियाचा खलाशी बसतोय, बॉस्नियाची विधवा बसतेय, आणि कुणीही पुस्तकी बोलत नाहीये.

सर : हे मात्र झकास सांगितलंस. मी गावोगावी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन हिंडलो, ते समोर ठेवलं की म्हातारी शाळामास्तरासारखी बोलायला लागायची. पापं ऐकायला बसलो असतो तर बरं झालं असतं. पण त्यामुळे माझा मुद्दाच पक्का होतो. ऐकणारा सत्तेच्या खुर्चीत आहे, बोलणारा गुडघे टेकून.

अनघा : खुर्ची होती. पण खुर्चीत बसून माणूस बदलला की नाही, हे तपासता येतं. १६०४ चं व्याकरण एका हातात घ्या आणि १६४० चा त्याचा ‘रितुआल रिम्स्की’ हा विधिग्रंथ दुसऱ्या हातात.

सर : मधलं बायबल गाळून कुठे निघालीस?

अनघा : नाही गाळत. १६२० ला तो दुब्रोव्निकला परतला आणि तेरा वर्षं राहिला. १६२२ मध्ये नव्या कराराचं भाषांतर सुरू केलं. १६२५ मध्ये संपूर्ण बायबलाची जबाबदारी त्याच्यावर आली. व्हल्गेट हे लॅटिन बायबल समोर ठेवून त्यानं ते दुब्रोव्निककडच्या श्टोकावीत आणलं. १६३३ मध्ये हस्तलिखित घेऊन तो रोमला गेला. तिथे त्याची छाननी झाली आणि निकाल आला की हे छापणं इष्ट नाही.

सर : बघ, आपल्या सचिवालयातला शेराच जणू. ‘तूर्त आवश्यकता नाही.’ काम सांगणारेही तेच, नाकारणारेही तेच. मी काय म्हणत होतो?

अनघा : पण नाकारलं का, ते नीट बघायला हवं. एक कारण सरळ आहे. प्रोटेस्टंटांनी लोकभाषेतलं बायबल हे हत्यार केलं होतं. १५६२-६३ मध्ये जर्मनीत उराखच्या छापखान्यातून क्रोएशियन नवा करार ग्लागोलितिक आणि सिरिलिक लिपींत बाहेर पडला होता. स्लोव्हेनियन भाषेत सगळं बायबल १५८४ मध्ये छापून झालं. रोमनं १५९६ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीबरोबर लोकभाषेतल्या बायबलावरचे निर्बंध आणखी आवळले. काशिच उशिरा आला.

सर : आणि दुसरं कारण?

अनघा : विरोध घरातूनच झाला. काही क्रोएशियन मंडळींनाच ही बोलीभाषा नको होती. अ‍ॅड्रियाटिक किनाऱ्यावर शेकडो वर्षं चर्चमध्ये जुनी स्लाव्ह धर्मभाषा चालत होती, तीही ग्लागोलितिक लिपीत. रोमची तिला मान्यता होती. लॅटिनऐवजी स्वतःच्या धर्मभाषेत पूजा करणारे हे कॅथलिक, त्यांना त्याचा अभिमान. रफाएल लेव्हाकोविच या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं त्याच परंपरेचा पूजाग्रंथ १६३१ मध्ये रोममध्ये छापून घेतला. त्याच्या बाजूचं म्हणणं असं की ही प्राचीन भाषा सगळ्या स्लाव्हांना जोडते, ऑर्थोडॉक्सांनाही. तिच्यामार्गे उद्या मॉस्कोपर्यंत पोचता येईल. बोलीत बायबल छापलं तर प्रत्येक खोरं आपलं वेगळं बायबल मागेल.

सर : संस्कृत असताना प्राकृताचा हट्ट कशाला, हेच की! हा वाद आपल्याला नवा नाही. पण सांगतो, लेव्हाकोविचची बाजू इतकी पोकळ नाही. बोली लिहायला घेतली की कुणाची बोली हा प्रश्न येतोच. मृत भाषेचा एक फायदा असतो, ती कुणाच्याच आईची नसते, त्यामुळे कुणाचीच आई खाली पडत नाही.

अनघा : तुम्ही लेव्हाकोविचच्या बाजूनं? बोलींचे कैवारी?

सर : मी कुणाच्याच बाजूनं नाही, मी वाद पुरता मांडतोय. त्याचं पुढे काय झालं ते सांग.

अनघा : पुढे तीच भाषा आणखी पूर्वेकडे सरकवली. १६४८ च्या प्रार्थनाग्रंथात पूर्व स्लाव्ह वळणाची इतकी रूपं आली की ज्या क्रोएशियन ग्लागोलितिक पाद्र्यांसाठी तो ग्रंथ होता, त्यांनाच तो जड जाऊ लागला. सगळ्यांना जोडायला निघालेली भाषा घरच्यांच्या हातून सुटली. उलट काशिच काय करतो? बायबल अडलं. तो चिडून निघून गेला नाही, बंड केलं नाही.

सर : हेच मला खटकतं. दहा-अकरा वर्षांचं काम एका शेऱ्यानं बासनात जातं आणि हा गप्प! ल्यूथरनं काय केलं असतं?

अनघा : ल्यूथरच्या पाठीशी एक राजा-सरदार होता, काशिचच्या पाठीशी बेट होतं, तेही व्हेनिसचं. गप्प मात्र तो बसला नाही. १६४० मध्ये त्यानं ‘रितुआल रिम्स्की’ दिला, चारशेहून जास्त पानांचा. बाप्तिस्मा, लग्न, आजारी माणसाचं अभ्यंग, अंत्यविधी, हे सगळं लोकभाषेत. छापला त्याच प्रोपागांडानं.

सर : आता तू माझ्या हातात आयतं कोलीत दिलंस. काय अडवलं आणि काय सोडलं, ते बघ. विधी सोडला, ग्रंथ अडवला. पाद्र्यानं काय म्हणायचं ते लोकभाषेत चालेल. लोकांनी स्वतः वाचून ठरवायचं, ते चालणार नाही. यजमानानं ‘मम’ म्हणायचं, पोथी गुरुजींच्या हातात. सत्तेनं भाषेला परवानगी दिली ती अशी, मोजून मापून.

अनघा : हा तुमचा मुद्दा मी खोडू शकत नाही. सत्तेनं तसंच केलं. पण सत्तेच्या हिशोबात एक चूक राहिली. त्यांना वाटलं, भाषा पसरते ती वाचनातून, म्हणून वाचन रोखलं. त्या काळी वाचणारे होते किती? हा विधिग्रंथ झाग्रेब सोडून जवळजवळ सगळ्या क्रोएशियन धर्मप्रांतांत चालला, पुढे एकोणिसाव्या शतकात झाग्रेबनंही घेतला. म्हणजे पोर जन्मलं की हीच वाक्यं, लग्नात हीच, माणूस गेला की हीच. चाकावी बोलणाऱ्या बेटावरही आणि आतल्या डोंगरातही. दोनशे वर्षं. बायबल कपाटात राहिलं असतं, ही वाक्यं मात्र स्मशानापर्यंत गेली.

सर : आणि ती वाक्यं कुठल्या बोलीत होती? इथे मला थांबून विचारायचंय. पागच्या माणसानं पागची बोली निवडली?

अनघा : नाही. बॉस्नियाकडची निवडली. श्टोकावी, तीही ‘इ’ची. दुधाला कुणी म्लिको म्हणतं, कुणी म्लियेको, कुणी म्लेको, त्यातली म्लिकोवाली. ती जास्तीत जास्त लोक बोलतात आणि बाकीच्यांनाही कळते, असा त्याचा हिशोब होता. सगळे मुलूख पायाखाली घालून काढलेला.

सर : मग झालं की! पुढे आमच्याकडे पुणेरी मराठीबद्दल हेच सांगितलं गेलं. सगळ्यांना कळते, सोयीची आहे. मग वऱ्हाडातला पोरगा वर्गात तोंड उघडायला घाबरला, खानदेशातला हसू झाला, कोकणातली पोर घरात एक आणि शाळेत एक बोलायला लागली. ‘सगळ्यांना कळते’ याची किंमत ज्यांची निवडली नाही ते भरतात. आज क्रोएशियाची प्रमाणभाषा श्टोकावीवर उभी आहे. चाकावी बेटांवर आणि किनाऱ्यावर आक्रसत चालली आहे. काशिचनं स्वतःच्या आईची बोली बहुसंख्यांच्या पायावर घातली.

अनघा : सर, इथे मात्र मी अडून बसणार. पुण्याच्या माणसानं पुण्याची मराठी प्रमाण ठरवणं आणि पागच्या माणसानं बॉस्नियाची निवडणं, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिल्यात ठरवणाऱ्याचा फायदा आहे. दुसऱ्यात ठरवणाऱ्यानं आपलंच सोडलंय. त्याच्या सगळ्या कामांतला हा एकच निर्णय असा आहे की जो ना रोमच्या आज्ञेनं समजतो, ना बेटाच्या अभिमानानं. रोमला कुठलीही एक बोली चालली असती. बेटाला आपलीच हवी असती. त्यानं ऐकणाऱ्याकडे बघितलं. १६०४ मध्ये त्याच्या पुस्तकात चाकावी बरीच आहे, १६४० पर्यंत तो तिच्यापासून लांब गेला. छत्तीस वर्षांत भाषेनं त्याला हलवलं. ज्या व्याकरणकाराला भाषकच दुरुस्त करतात, तो नुसता कारकून नसतो, एवढंच माझं म्हणणं.

सर : त्याग मोठा, हे मान्य. पण त्याग त्यानं स्वतःच्या एकट्याचा केला नाही. पागच्या मिठागरातल्या बाईची बोलीही त्याच निर्णयात गेली, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

अनघा : तिला नाही विचारलं, खरंय.

सर : आणि दुसरं. तू इतिहास उलटा वाचतेस. श्टोकावी जिंकली ती संख्येनं आणि एकोणिसाव्या शतकाच्या राजकारणानं. भाषासुधारक ल्युदेवित गाय १८३० च्या दशकात उभा राहिला, १८५० मध्ये व्हिएन्नात क्रोएशियन आणि सर्बियन लेखकांचा करार झाला. लिपीसुद्धा गायनं चेक भाषेकडून घेतली, काशिचची लेखनपद्धत टिकली नाही. बायबल तर छापलंच नव्हतं. मग तुझ्या काशिचचा या सगळ्यात हात कुठे?

अनघा : म्हणजे आधी तुम्ही म्हणालात, त्यानं चाकावीचा बळी दिला. आता म्हणता, त्याचा काही परिणामच झाला नाही. दोन्ही आरोप एकदम कसे चालतील?

सर : (हसून) पकडलंस. बरं, एक मागे घेतो. कुठला, ते तू ठरव.

अनघा : परिणाम नाही म्हणालात, तो मागे घ्या. विधिग्रंथाच्या दोनशे वर्षांबद्दल मी बोललेच. दुसरं, व्हिएन्नाचा करार म्हणजे एका खोलीत बसून काही विद्वानांनी भाषा घडवली, असं आजही सांगतात. श्टोकावी सगळ्यांची व्हावी हा विचार त्याआधी दोन शतकं, स्वतः श्टोकावी न बोलणाऱ्या एका माणसानं केला होता आणि छापून वापरातही आणला होता, हे समोर ठेवलं की ती गोष्ट तितकी सरळ राहत नाही.

सर : आणि बायबल?

अनघा : संपूर्ण क्रोएशियन बायबल पहिल्यांदा छापलं गेलं १८३१ मध्ये, बुदाला. भाषांतर कातान्चिच या फ्रान्सिस्कन विद्वानाचं, त्याच्या मृत्यूनंतर निघालेलं. काशिच तर १६५० च्या डिसेंबरात रोममध्येच वारला. त्याचं बायबल जर्मनीत पाडरबोर्नला १९९९ मध्ये निघालं, अभ्यासकांसाठी, टिपांसकट. अडवल्यापासून साडेतीनशेहून जास्त वर्षांनी.

सर : म्हणजे ज्याच्यासाठी लिहिलं त्याला मिळालंच नाही. मिळालं ते तुझ्यासारखीला. यात शेरा मारणारा जिंकला, हे तू कबूल कर. मराठीत एकनाथांचं भागवत साडेतीनशे वर्षं बासनात राहिलं असतं, तर आज आपण दोघं ज्या मराठीत भांडतोय ती हीच असती का?

अनघा : नसती. त्या बाबतीत जिंकला तो. लोकांच्या हातात ग्रंथ असता तर भाषेला सतराव्या शतकातच एक कणा मिळाला असता. जर्मनीला मिळाला, इंग्लंडला मिळाला. क्रोएशियनला दोनशे वर्षं तुकड्यातुकड्यांत काढावी लागली. ते नुकसान मोठं आहे आणि ते काशिचच्या संस्थेनंच केलं.

सर : मग एवढं लिही. पाणिनीबिणिनी काढून टाक. लिही की या माणसाला एका संस्थेनं कामाला लावलं, त्यानं सांगितल्याहून जास्त केलं, आणि ते जास्तीचं होतं तेवढंच संस्थेनं अडवलं.

अनघा : हे वाक्य तुमच्या नावानं घालते. पण पुढे माझंही एक घालणार. त्यानं जास्त केलं ते हुशारीमुळे नाही, फिरल्यामुळे आणि ऐकल्यामुळे केलं.

सर : घाल. आता व्यवहाराचं बोल. हा काशिच तू विद्यार्थ्यांना शिकवणार कुठल्या पेपरात? भाषाशास्त्राच्या, की धर्मप्रसाराच्या इतिहासाच्या?

अनघा : दोन्ही.

सर : दोन पेपर म्हणजे दोन परीक्षक. एक तुझ्या पोरांना पास करेल, दुसरा हमखास नापास.

अनघा : नापास करणाऱ्याला मी १६०४ आणि १६४० ची पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला सांगेन.

सर : आणि पास करणाऱ्याला मी बायबलावरचा शेरा वाचायला सांगेन. आता बैस, विभक्तीचं ते पान पुन्हा दाखव. सातवी काढली ते ठीक, पण लॅटिनची पंचमी त्यानं तशीच ठेवली की नाही, ते मला बघायचंय.